आवडता प्रसंग

“मरणाचे प्रसंग लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं,” स्टेजवर आमचे हे म्हणाले आणि कोरडाच चष्मा सत्काराच्या शालीने पुसू लागले. माझ्या मागच्या रांगेतून लगेच नाकं ओढल्याचे आवाज आले.

“तुमच्या कादंबरीतली आई जाताना म्हणते, ‘अंगणातला प्राजक्त जप रे.’ तुमच्या आईचेच शब्द का हे?” मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं.

“अक्षरन् अक्षर तिचं.”

मला हसू दाबावं लागलं. हॉस्पिटलात सासूबाई गेल्या तेव्हा हे खाली कँटीनमध्ये वडा खात होते. खोलीतल्या वासाने म्हणे यांना मळमळतं. सगळं आटोपल्यावर वर आले आणि पहिला प्रश्न काय, तर “शेवटी काय म्हणाली?” चिडून मी तोंडाला आलं ते ठोकून दिलं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. अंगण कुठलं, हेसुद्धा यांनी विचारलं नाही.

यांना बोलवायला मी उठले होते, नाही असं नाही. पण सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाल्या, “त्याला नको बोलावूस. मेला लिहून काढील.”