दुरुस्त केलेला डोळा

पडद्यावर ओवेनचे दोन चेहरे शेजारी शेजारी उजळले आणि मार्लीनला वाटलं, आता आपलं हसं होणार. सव्वा वर्षाच्या नातवाचा तिने काढलेला हा पहिलाच फोटो. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून थेट तोंडावर मारलेला. कपाळ तेलकट, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली, आणि डोळे तर विचारूच नका, एक लालभडक, दुसरा पांढरट. शेजारी तोच फोटो, तिने दुरुस्त केलेला.

अमेरिकेतल्या दुलुथ गावच्या वाचनालयाच्या तळघरातल्या फोटोच्या वर्गाचा हा शेवटचा शनिवार. चांगला फोटो कोणीही आणेल, तुम्ही आपापला सगळ्यात वाईट आणा आणि कसा वाचवलात ते दाखवा, असं शिकवणाऱ्या वॉल्टने बजावून ठेवलं होतं. चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेला माणूस तो. थेट फ्लॅश मारणाऱ्याला पहिल्या दिवसापासून फैलावर घ्यायचा. "तोंडावर झोत मारायला तुम्ही काय पोलीस आहात? छताला मारा, छत्रीत मारा, माणसाला मारू नका!"

आता तो पडद्याला नाक लावून उभा होता. "सावली गेली. कपाळाची चमक उतरली. आणि हा डोळा कसा केलास?"

"लाल होता तो काळा केला," मार्लीन म्हणाली. एरवी शाळेच्या बसमधल्या चाळीस कार्ट्यांना एका हाकेत गप्प करणारी बाई, पण आत्ता चाचरत होती. "पांढरा मात्र काही केल्या जमेना. मग चांगलाच डोळा उचलला, आरशातल्यासारखा उलटा केला आणि त्याच्या जागी बसवला."

"आणि बुबुळावरचा चमकीचा ठिपका परत मूळच्या बाजूला आणलास! बघा रे, याला म्हणतात हात. सख्ख्या आईलाही कळायचं नाही."

टाळ्या पडल्या. मार्लीनच्या जिवात जीव आला. एकट्या बेव्हने टाळी वाजवली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकवीस वर्षं पेशंटची नावं नोंदवून घ्यायच्या टेबलाशी बसून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती.

"मार्लीन, असे अजून आहेत तुझ्याकडे? थेट मारलेले, दुरुस्त न केलेले?"

होते. मार्लीनने ते एकेक करून उघडले. अंघोळीच्या टबमधला, उंच खुर्चीत बसून भोपळ्याचा केक खातानाचा, कुत्र्याच्या पाठीवरचा. सगळे मिळून सहा. सहाही फोटोंत डावा डोळा शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखा. एकेक संध्याकाळ खर्चून तिने ते साफ केले होते, आणि साफ केलेलेच लेकीला, ट्रेसीला, पाठवले होते.

"फ्लॅशचा कोन चुकला की होतं असं," वॉल्ट म्हणाला.

"सहाही वेळा? त्याच डोळ्याला?" बेव्ह उठून मार्लीनजवळ आली. "हे बघ, मी काही डॉक्टर नाही. काही नसेलही. पण चांगला डोळा फ्लॅशमध्ये लाल येतो, आणि आत गाठ असली ना, तर ती अशी पांढरी दिसते. आमच्याकडे एकदा असाच फोटो घेऊन आले होते. लवकर कळलं तर पोर वाचतं गं. थांबायचं नसतं."

मार्लीनने तारखा पाहिल्या. पहिला फोटो दीड महिन्यापूर्वीचा. दीड महिना ती ते पांढरं पुसत बसली होती, आणि आत्ता त्याबद्दल टाळ्या घेऊन मोकळी झाली होती. तिला स्वतःची शिसारी आली.

"पण नंतरच्यांत नाहीये," ती घाईघाईने पुढचे फोटो उघडू लागली. "हे बघा ना, दोन्ही डोळे कसे छान आहेत. गेलं असेल ते."

"नंतरचे तू छताला मारून काढलेस," वॉल्ट हळू आवाजात म्हणाला. "त्यात ते दिसणारच नाही."

ट्रेसी ओवेनला घेऊन वरच्याच मजल्यावर, मुलांच्या गोष्टींच्या कार्यक्रमाला आली होती. मार्लीनने फोन करून तिला खाली बोलावलं. बर्फाचे बूट वाजवत ती आली. "काय, झालं का तुझं कौतुक?" कोणी हसलं नाही. "एक फोटो काढायचाय त्याचा," एवढंच मार्लीनला म्हणता आलं.

वॉल्टने खोलीतले दिवे मंद केले. मग स्टँडवरचा फ्लॅश काढला, मार्लीनच्या कॅमेऱ्यावर चढवला आणि त्याचं तोंड स्वतःच्या हाताने सरळ समोर वळवलं.

"थेट मार," तो म्हणाला.

बेव्हने किल्ल्या खुळखुळवल्या. ओवेन आईच्या कडेवरून कॅमेऱ्याकडे बघून खिदळला. फोटोत डोळे लाल आले म्हणून दीड महिना हळहळणारी मार्लीन मनातल्या मनात हात जोडत होती. लाल येऊ देत, देवा. दोन्ही लाल येऊ देत.

फ्लॅश उडाला.

कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो उमटला. बेव्हने एकदाच वाकून पाहिलं आणि आपल्या जुन्या डॉक्टरांना फोन लावत ती बाहेर गेली. वॉल्ट उगीचच वायर गुंडाळू लागला.

ट्रेसीने आईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "ईऽ, डोळा बघ कसा आलाय त्याचा! काढून टाक ना ते पांढरं, आई. तुला येतं ना आता."

"हे मला नाही काढता यायचं, पोरी," मार्लीन म्हणाली. "त्याला कोट घाल. आपल्याला निघायचंय."