भेगेचं माप

"कॅमेऱ्याचं भिंग अर्धं केलं तरी काही बिघडत नाही, असं तुमचंच मॉडेल म्हणतंय," प्रमुखांनी कागद तिच्यापुढे सरकवला. "चार वाजता समितीपुढे सही करून मोकळ्या व्हा."

आता आली का पंचाईत. मॉडेल तिचंच होतं. उपग्रह आकाशात जायला अजून तीन वर्षं होती, पण संगणकातल्या खोट्या पृथ्वीवरून ती त्याला रोज फिरवून आणत होती. डोंगरउतारावरच्या भेगा वेळेत दिसाव्यात, खालची माणसं वाचावीत, म्हणून हा सगळा खटाटोप. तिची आईही अशाच एका उताराखाली राहत होती, थोरल्या भावाकडे. लहान भिंगाला त्यातलं काही दिसणार नाही, हे तिला आतून ठाऊक होतं. पण आतून ठाऊक असण्याला समितीत कोण विचारतो?

तिने खोट्या पृथ्वीवर आईचं घर शोधलं. घर नव्हतंच. तिथे नुसता एक तपकिरी चौकोन होता. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही पृथ्वी तिने जुन्या उपग्रहाच्या फोटोंवरून बनवली होती. त्याला जे दिसलं नव्हतं, ते इथे उतरलंच नव्हतं. भेगाच नसतील तर भिंग लहान काय नि मोठं काय. आठ वर्षं ती स्वतःलाच फसवत आली होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याच रागात ती कामाला लागली.

तिने भावाला फोन लावला. "दादा, घरामागच्या उतारावर भेग पडलीय म्हणालास ना, किती रुंद आहे ती?"

"असेल दोन हात."

"हाताने नको. टेप घे."

"तुला तिथे बसून हुकूम सोडायला काय जातंय," असं पुटपुटत दादा वर चढला. भेग नव्वद सेंटिमीटर भरली. तिने ती मॉडेलमध्ये कोरली. लहान भिंगाला काहीच दिसलं नाही. पण मोठ्या भिंगालाही ती थोडक्यात हुकली. ती हिरमुसली. पण हार मानेल तर ती कसली. दादाने घाईघाईत मोजलं असणार, त्याची सवयच ती. दुपारी तिने त्याला पुन्हा वर पिटाळलं. आता अठ्ठ्याण्णव भरली. ती चक्क खूश झाली. मोठ्या भिंगात भेग काळ्या रेघेसारखी स्वच्छ उमटली.

चार वाजता ती समितीपुढे उभी राहिली. "माझं मॉडेल चुकलंय," तिने सरळ सांगून टाकलं. "लहान भिंग आंधळं आहे. मोठंच हवं." तिने दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. प्रमुखांचा चेहरा पडला. बाकीच्यांच्या माना डोलू लागल्या. बाजी तिने मारल्यातच जमा होती.

"मापं खात्रीची आहेत ना?" समितीतल्या वयस्कर भूशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं.

"अगदी खात्रीची. माझ्या भावाने स्वतः मोजलीत. सकाळी नव्वद, दुपारी अठ्ठ्या..."

सगळे बघत असताना तिने टेबलावरचा फोन ओढला आणि भावाचा नंबर फिरवला.

"अगं हो, वरच आहे मी," दादा वैतागून म्हणाला. "मोजतोय पुन्हा."

"दादा, टेप टाक तिथेच. आईला उचल आणि आत्ताच्या आत्ता घर सोड."