मोकळ्या घोडीवर खोगीर

शेवंतीनं पुन्हा हिसका दिला आणि दावं तुटलं. खोगीर धुळीत पडलं. किशोरच्या तळहाताची सालटी निघाली. वलगावहून नवरदेवाकडच्यांचे फोनवर फोन येत होते. वरात खोळंबणार होती. घोडी तरणी होती, नवी होती. किशोर जितकी तिला आवळून बांधी, तितकी ती खोगीर पाहून बिथरे.

"आता दोनी बाजूनं बांधतो हिले," तो ओरडला. "रागिणी, तो जाडा दोर आन!"

बायको दोर आणायला पळाली. या धावपळीत किशोरचे वडील, खुशालराव, कधी अंगणात आले ते कोणालाच कळलं नाही. सारी हयात घोड्यांत घालवलेला माणूस. पण हल्ली त्यांना काही आठवत नसे. सुनेला ते ताई म्हणत, किशोरला गावातला कोणी गडी समजत.

"काहून बांधून राहिला गा तिले?"

"पळते ना, बाबा."

"मंग पळू दे. भ्याली हाये थे."

त्यांनी गळ्यात लोंबणारा दाव्याचा तुकडाही सोडला. शेवंती अंगणभर फिरू लागली. खुशालराव तिच्या खांद्याला लागून चालत राहिले. ती थांबली की थांबत, वळली की वळत. मग त्यांनी खोगीर उचलून तिला हुंगू दिलं. ती बाजूला सरली. ते हसले, पुन्हा तिच्यासोबत चालू लागले. बऱ्याच वेळानं शेवंतीनं मान खाली सोडली आणि ती आपणहून उभी राहिली. खोगीर पाठीवर चढलं. म्हाताऱ्या, थरथरत्या बोटांनी पोटाखालचा पट्टा हळूहळू आवळला. ती हलली नाही.

"न्या आता," खुशालराव म्हणाले. मग किशोरच्या तोंडाकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तू कोनाचा गा?"

किशोर शेवंतीला घेऊन वलगावला निघाला.

वरात आटोपून तो संध्याकाळी घरी आला. शेवंतीला पाणी पाजलं, खोगीर उतरवलं. मग पेचकस घेऊन बाबांच्या खोलीकडे गेला आणि गेल्या महिन्यात दाराला बाहेरून बसवलेली, सकाळच्या घाईत लावायची राहून गेलेली कडीचे स्क्रू काढू लागला. रागिणी धावत आली.

"अवो, काय करून राहिले? बाबा निंगून गेले तं?"

"जाऊ दे," किशोर म्हणाला. "मी चालीन ना त्यायच्या संगं."