ईस्टरपर्यंतचं बोलणं

कपाळावर चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेतली राख, गळ्यात शिवणाची टेप, आणि थोरली धाकट्या बहिणीच्या चष्म्याच्या दुकानात उभी. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच. धाकटीने मान वर केली आणि तिच्या हातातलं काच पुसायचं फडकं खाली पडलं.

"बोलायला आलेय," थोरली म्हणाली. "पण भलत्या आशेवर राहू नकोस. हे उपवासकाळाचं आहे. ईस्टर झाला की संपलं."

"बरं, ताई," धाकटी म्हणाली. "बस तरी."

खरं तर ही सगळी करणी थोरलीच्या नवऱ्याची. राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; मिस्सा आटोपून दोघं घरी निघाली होती. फादर म्हणाले होते, उपवासकाळात मांस सोडणं सोपं असतं, जे जिवापाड जपता ते सोडून बघा. "मी साखर सोडते," थोरलीने जाहीर केलं. नवरा हसला. "साखर कुठे जपतेस तू? जपतेस तो बहिणीशी धरलेला अबोला. रोज घासूनपुसून लखलखीत ठेवतेस." थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते बोलणं मनात रुतलं, आणि देवाच्या कामात अंगचोरपणा करणाऱ्यांतली ती नव्हती. दुपारी शिलाईचं मशीन बंद केलं आणि तरातरा रस्ता ओलांडला.

आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा धाकटी नोकरीसाठी दूरच्या शहरात होती. सगळं थोरलीनेच निस्तरलं. धाकटी पोचली ती आईला माती दिल्यावर. कबरस्तानाच्या फाटकात, चार माणसांदेखत, थोरली म्हणाली, "आता कशाला आलीस?" तेच शेवटचं वाक्य. पुढे धाकटीने ती नोकरी सोडली आणि बरोब्बर थोरलीच्या शिलाईच्या दुकानासमोर चष्म्याचं दुकान थाटलं. "माझ्या डोळ्यांत सलायला आलीय," थोरली भेटेल त्याला सांगायची. सुईत दोरा ओवता येईना झाला, तेव्हा ही बाई चष्म्यासाठी बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. हट्ट म्हणजे हट्ट!

सुरुवातीचे दिवस हवापाण्याच्या गप्पांवर निभावले. उकडतंय, हो ना, उकडतंयच. थोरली हजेरी लावल्यासारखी यायची, स्टुलाच्या कडेवर टेकायची आणि घटकाभराने उठायची. मग एका दुपारी धाकटीने काही न विचारता तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"हा कुणी दिला तुला? एका काचेचा नंबर साफ चुकलाय."

तिने दांड्या जरा वाकवल्या, चष्मा पुन्हा थोरलीच्या कानांमागे बसवला. तिची बोटं अजून तशीच गार होती. लहानपणी थंडीत हीच बोटं पांघरुणात शिरून मानेला लागायची आणि थोरली किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. रस्ता ओलांडून परत येताना थोरलीला रडू आवरेना. केवढी आठवण यायची तिला ह्या पोरीची, आणि तीसुद्धा ती समोर बसलेली असताना!

त्यानंतर ती स्टुलावर नीट बसू लागली. जाताना दारात रेंगाळू लागली. कधी शिवायचं कापडही तिथेच घेऊन जायची.

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागला तसं धाकटीने विचारलं, "आई शेवटी काय म्हणाली गं?"

थोरलीची सुई थांबली. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तुझं नाव घ्यायची," ती म्हणाली. "मी भरवायचे, पुसायचे, कूस बदलून द्यायचे, आणि हाक मारायची ती तुझ्या नावाने. शेवटच्या सकाळीसुद्धा. मी ओ दिली. तू असल्यासारखीच दिली. त्याचाच राग आला होता गं मला. तू उशिरा आलीस त्याचा नव्हे."

दोघी इतक्या रडल्या, की एक गिऱ्हाईक दारात आलं आणि आल्या पावली परत गेलं.

आता सगळी वस्ती ईस्टरकडे डोळे लावून होती. कुणाला मटण आठवत होतं, कुणाला सिगारेट. थोरली मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं टाळत होती. अट तिनेच घातली होती, तीही केवढ्या तोऱ्यात! उपवास आणखी थोडा लांबव रे देवा, असं मागणारी ती अख्ख्या चर्चमध्ये एकटीच असावी.

ईस्टरच्या सकाळी घंटा दणाणल्या. मिस्सा संपली, लोक एकमेकांना मिठ्या मारत बाहेर पडले. धाकटी पायऱ्यांवर उभी होती. थोरली तिच्यासमोर जाऊन थांबली. आता कशाच्या आडून बोलायचं? नवऱ्याने मागून कोपराने ढोसलं.

"अगं," ती कशीबशी म्हणाली, "तू काय सोडलं होतंस, ते विचारायचंच राहिलं बघ."

धाकटी जराशी हसली.

"तुझी वाट बघणं," ती म्हणाली. "म्हटलं, तू रस्ता ओलांडशील म्हणून इतकी वर्षं समोर दुकान टाकून बसले, आता पुरे झालं. पण कसला उपवास नि कसलं काय, ताई! पहिल्याच दुपारी तू आलीस, नि पुन्हा उद्याची वाट बघायला लावून तो मोडलास."