अबोला

योएन्डीच्या चेंडूवर सलग तीन सामने कुणाला एकही फटका मारता आला नव्हता, म्हणून अकरा दिवस त्याच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. फटका बसेपर्यंत चेंडू टाकणाऱ्या पिचरशी बोलायचं नाही, बोललं की नशीब फुटतं, हे बेसबॉलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते एका सामन्यापुरतं. इथे मायनर लीगचा, खालच्या फळीतला, अख्खा संघ मौनात गेला होता. मेसवाली ताटली पुढ्यात सरकवून पळायची. गावी, बानीला, घरी फोन लावला की आई उचलायची, तिचा नुसता श्वास ऐकू यायचा आणि फोन बंद.

चौथ्या सामन्यात त्याचा धीर सुटला. लहान पोरांना टाकतात तसा चेंडू त्याने सरळ समोरच्याच्या बॅटवर नेऊन ठेवला. तो कुंपणापार गेला.

म्हाताऱ्या मॅनेजरने, फाउस्तोने, धावत येऊन त्याला मिठी मारली. "सुटलो रे बाबा. मेजर लीगचं बोलावणं येऊन दहा दिवस झाले. पण तुला सांगणार कोण?"

"मग आता निघू?"

"आता कुठे? त्यांना फटका न खाणारा पिचर हवा होता."

त्याने रडत आईला फोन लावला. आज ती बोलली.

"मला ठाऊक होतं रे लेका. त्यांनी आधी घरीच कळवलं होतं. बोकड कापून अख्ख्या गल्लीला जेवू घातलं मी. तुझं नशीब फुटायला नको, म्हणून तुलाच तेवढं सांगितलं नाही."