होडीचा दोर

"नेत्रा गो, पानी उतरलं की चिखल पाय धरतो. वेळेत निघ!"

भांडुपच्या खाडीवरून आई अशी हाक मारायची. आईला जाऊन वर्षं लोटली. पण आज काठावर उभ्या असलेल्या नेत्राच्या कानात तीच हाक घुमत होती, आणि पाय काही निघत नव्हते.

भरती लागली होती. पाणी आधी खेकड्यांच्या बिळांत शिरलं, मग खारफुटीच्या मुळांत. चिखलात कलंडलेल्या तिच्या वडिलांच्या, लहूआबांच्या होडीपर्यंत ते अजून पोचायचं होतं. होडी तरंगली की ऐरोलीचा धोंडिराम ती विकत घेऊन जाणार. बोलणी पक्की झाली होती. राहिला होता फक्त दोर. घरची होडी जायची तर घरच्या लेकीनं तो सोडायचा, ही त्यांच्याकडची रीत.

धोंडिरामनं मोबाइलमधून मान वर काढली. "काय गो, तुझ्या एआयची वाट लागली म्हणतात. मोठ्या मोठ्या कंपन्यांनी डेटा सेंटरमधून हात आखडता घेतलाय."

"म्हणून काय एआय बुडालं, काका?" नेत्रा फटकन म्हणाली. "हावरटासारखं बांधत सुटले होते, आता दमानं घेतायत. कमी मशिनींत तेवढंच काम निघतंय. उद्या परत बांधतील."

"नाय बांधलं तर?"

पवईच्या डेटा सेंटरमध्ये नेत्रा मशिनी थंड ठेवायचं काम बघायची. शेजारच्या नव्या इमारतीचा सांगाडा तसाच उभा होता. क्रेनसुद्धा उचलून नेली होती.

"तिला नको पिडू रे," लहूआबा हसले. "माझे गुडघे गेले, आता जाळं वढवत नाय. पण पोरीची नोकरी हाय, मग मला कसली चिंता? बसून खाईन."

नेत्रानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

पाणी होडीच्या पोटाखाली शिरलं. होडी डुचमळली, सरळ झाली. आबांनी तिच्या टोकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि क्षणभर लाकडावर हात ठेवून उभे राहिले.

"चल बाय. सोड."

नेत्रा खुंटापाशी वाकली. आबांच्याच हातची गाठ, भिजून घट्ट झालेली. तिनं दोर धरला आणि खुंटाभोवती आणखी एक वेढा मारला. मग दुसरा.

"अगो, सोडायचं सोडून आवळतेस काय?" धोंडिराम ओरडला.

नेत्रा आबांकडे वळली.

"आबा, एआयचं पुढं काय होईल ते मला नाय माहीत. पण मला कंपनीनं कामावरनं काढलंय. रोज डबा घेऊन निघते ना, ती पवईच्या तलावावर बसून येते. होडी देऊ नको. आता जाळं मी वढवीन."