तराजूतला गूळ

"पोरगं काविळीतून उठलं, तर त्याच्या वजनाइतका गूळ देवळात तोलून वाहीन," असा नवस चाळिशीतल्या, लठ्ठ अनिरुद्धरावांची आई त्यांच्या आजारपणात बोलली होती, आणि ते बरे झाले. म्हणजे आता अख्ख्या गल्लीसमोर तराजूत बसायचं! त्यात नवी जीन्स घातलेला मेव्हणा रोज विचारी, "भाऊजी, तंजावुरातला गूळ पुरेल का? की शेजारच्या पापनाशम गावाहूनही मागवू?" अनिरुद्धरावांच्या अंगाचा तिळपापड होई. दात-ओठ खात ते महिनाभर चोरून अर्धपोटी राहिले.

तोलताना आणलेल्या गुळातली एक अख्खी ढेप उरली. "ही पाठव आता पापनाशमला!" ते मेव्हण्यावर कडाडले.



तेवढ्यात आईने रडत देवापुढे हात जोडले, "पोर पार वाळलं रे! अंग भरू दे त्याचं, पुढच्या वर्षी पुन्हा तराजूत बसवीन."